पंगतीनंतरचं दुखणं



लग्नाची पंगत उठते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धी आळी ओकायला लागते. आपण म्हणतो, बासुंदी बाधली. कधी बाधतेही, पण पुष्कळदा तो नोरोव्हायरस असतो. रोग्याच्या शौचातून, उलटीतून हा विषाणू हातावर येतो, हातावरून कणकेत. शंभराहून कमी कणही माणसाला आडवा करायला पुरतात.

कोरोनात घेतलेल्या सॅनिटायझरला हा फारसा जुमानत नाही. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली हात चोळूनच तो जातो. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुचकळले, तर धुतले काय अन् न धुतले काय!

आचाऱ्याला किंवा वाढप्याला जुलाब झाले, तर ते थांबल्यावरही दोन दिवस त्याला चुलीपाशी येऊ देऊ नका. मजुरी बुडेल म्हणून तो दुखणं लपवतो. ती मजुरी यजमानानं द्यावी. गावभरच्या सलाईनपेक्षा ती स्वस्तच पडते.

लेकरांना पछाडतो तो रोटाव्हायरस. त्याची लस 2016 पासून सरकारी लसीकरणात येऊ लागली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, फुकट. ती चुकवू नका.

दुखणं आलंच, तर विषाणूवर अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालत नाही. अंगातलं गेलेलं पाणी भरून काढायचं. ओआरएसची पुडी आणा. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोटघोट पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा. पण लेकरू मलूल झालं, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं, तर गाडी जुंपा आणि दवाखाना गाठा.