घराचें दुःख आणि घराचा उपचार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं आनंदाचे शब्द बोलावेत असा प्रघात आहे. पण चालकांनीं मला ‘कुटुंब आणि मनाचें आरोग्य’ हा विषय नेमून दिला, आणि त्याचा विचार करूं लागतांच भीमाशंकराच्या डोंगरांतील एक गांव माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. मी वैद्य नव्हें; शाळामास्तरकींत आयुष्य घालविलेला माणूस आहें. तेव्हां जें वाचलें, ऐकलें आणि एका ठिकाणीं चुकून शिकलों, तेवढेंच आपणांपुढें ठेवितों.

30 जुलै 2014 च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर खचून आला. दिवस भातलावणीचे, आणि पाऊस एकसारखा कोसळत होता. चाळीसांहून अधिक घरें गाडलीं गेलीं, आणि 151 माणसें प्राणांस मुकलीं. एस. टी. च्या चालकास नेहमींच्या जागीं गांव दिसेना, तेव्हां कोठें ही वार्ता बाहेर पडली. शिक्षणासाठीं किंवा पोटासाठीं परगांवीं असलेलीं कित्येक माणसें तेवढ्यामुळेंच वांचलीं. पुढें आमडे येथें नवें गांव वसविण्यांत आलें, आणि 2017 च्या एप्रिलांत लोक पक्क्या घरांत राहावयास गेले. परंतु त्याच वर्षींच्या पहिल्या पावसांत नव्या वस्तींतील रस्ते खचले. ज्यांनीं एकदां डोंगर खालीं आलेला पाहिला होता, त्यांस त्या रात्रीं झोंप कशी लागली असेल, याची कल्पना आपणच करावी.

आतां माझा मुद्दा सांगतों. आपल्याकडे एखाद्या घरीं मयत झालें, म्हणजे त्या घरची चूल पेटत नाहीं. शेजारीण भाकरी घेऊन येते, भाऊबंद ओटीवर येऊन बसतात. कोणी फारसें बोलत नाहीं, पण दुखवट्याचें घर एकटें राहात नाहीं. हाच आपला पिढीजात मानसोपचार होय, आणि तो मोलाचा आहे. पण माळिणींत काय झालें? जीं माणसें समाचारास आलीं असतीं, तींच त्या चिखलाखालीं होतीं. भाकरी आणणारी शेजारीण गेली, ओटी गेली, आणि ओटीवर बसणारेही गेले. घर सरकारास बांधून देतां येतें. शेजार बांधून देतां येत नाहीं.

अशा वेळीं घरांत काय घडतें, तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. बाप मुका होतो आणि सायंकाळीं दारूकडे वळतो. आई लहानसहान गोष्टींवरून ओरडूं लागते. मुलाचें पोट दर सोमवारीं शाळेच्या वेळेस दुखूं लागतें. लोक बापास दारूबाज म्हणतात, आईस कजाग म्हणतात, मुलास आळशी म्हणतात. कोणी देवऋषी गांठतो, कोणी पोटाची गोळी देतो. वस्तुतः तेथें तीन दुखणीं नसतात. एकच दुःख तीन देहांतून बोलत असतें, आणि तिघेंही एकमेकांस जपण्याच्या बुद्धीनें तें एक नांव तेवढें घरांत उच्चारीत नाहींत.

ज्यास आज समुपदेशन किंवा थेरपी म्हणतात, त्याचें काम येथें सुरू होतें. एकट्या माणसाचा उपचार असेल, तर ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या वेळीं एक शिकलेला माणूस त्याचें ऐकून घेतो. तो दोष देत नाहीं, घाईनें उपदेश करीत नाहीं, आणि ऐकलेलें बाहेर नेत नाहीं. पतिपत्नींचा उपचार असेल, तर तो कोणाचाच वकील होत नाहीं. उत्तर देण्यापूर्वीं समोरचा काय म्हणाला तें आपल्या शब्दांत सांगा, एवढाच साधा नियम तो कित्येकदां घालून देतो. आणि दहा वर्षें भांडणाऱ्या जोडप्यास प्रथमच कळतें, कीं आपण आजवर ऐकलेंच नव्हतें. सबंध कुटुंब समोर बसलें, तर कोणाच्या वतीनें कोण बोलतो, कोण कोणाकडे पाहात नाहीं, आणि मुलाचें दुखणें कोणत्या भांडणावर पांघरूण घालीत आहे, इकडे तो लक्ष देतो. मात्र जेथें मारहाण चालू आहे, तेथें दोघांस समोरासमोर बसविण्याची घाई करूं नये. तेथें आधीं त्या स्त्रीची सुरक्षितता, आणि त्यासाठीं 2005 सालचा कायदा आहे.

हें सारें परदेशांतून आलेलें खूळ आहे, असें कोणी म्हणेल. पण आपल्याच देशांत, 1950 नंतरच्या दशकांत, अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं रुग्णांच्या नातेवाइकांस आवारांत तंबू ठोकून राहावयास लाविलें. घरचीं माणसें जवळ राहिलीं, दुखणें काय तें समजूं लागलीं, आणि रुग्णास परत घरीं नेणें त्यांस जड वाटेनासें झालें. वेल्लोर येथेंही पुढें हीच रीत पडली. आपल्या पुण्यांत डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं 1986 सालीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. तेथें व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीचेंही दुःख ऐकून घेतलें जातें, कारण दारू एकटा पीत असला तरी तिची झळ साऱ्या घरास लागते. 1984 च्या कायद्यानें कुटुंब न्यायालयें निघालीं, त्यांतही समुपदेशकांची योजना आहे.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची,’ असें आपण म्हणतों. पैशाच्या बाबतींत तें खरें असेल. पण मुठींत निखारा असेल तर ती उघडावी लागते. आतां माझी चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझा एक सहकारी, त्याचा तरुण मुलगा वारल्यानंतर सुमारें सहा महिन्यांनीं, एका सायंकाळीं माझ्या घरीं आला. तो मुलाविषयीं बोलूं लागला. मला तें सोसवेना. मीं म्हटलें, “काळ हेंच औषध, आतां मन दुसरीकडे लावा.” तो लगेच गप्प झाला, चहा घेऊन गेला, आणि त्यानंतर त्यानें माझ्याजवळ मुलाचें नांव कधीं काढलें नाहीं. त्या दिवशीं मीं त्याचें सांत्वन केलें असें मला वाटलें होतें. खरें पाहतां मीं स्वतःचें सांत्वन केलें, आणि त्याच्या तोंडावर दार लोटलें.

म्हणून सर्वांस विनंति आहे. कोणाची झोंप आठवड्यांमागून आठवडे उडाली असेल, कामावरून मन उठलें असेल, कोणी मरणाच्या गोष्टी बोलूं लागला असेल, तर त्यास ‘मन घट्ट कर’ म्हणून वाटेस लावूं नका. मरणाच्या गोष्टी निघाल्या तर त्यास एकटें सोडूं नका, आणि त्याच दिवशीं तज्ज्ञांकडे न्या. 2022 च्या ऑक्टोबरांत सरकारनें 14416 हा ‘टेलि-मानस’चा दूरध्वनि सुरू केला; त्यावर पैसे न पडतां मराठींतही बोलतां येतें. कित्येकांस औषधही लागतें, आणि तें घेण्यांत लाज नाहीं. फादरांपाशीं मन मोकळें करणें आणि समुपदेशकाकडे जाणें, यांतही मला विरोध दिसत नाहीं. ताप आला असतां आपण प्रार्थना करितों आणि डॉक्टरांकडेही जातों.

शेवटीं चालकांपुढें एक मागणें. महोत्सवाची आठवण म्हणून आपण कांहीं उभारणारच आहोंत. त्यांत एक लहानशी खोली ठेवावी, आठवड्यांतील एक सायंकाळ ठरवावी, आणि आपल्यांतील दोघांतिघांस ऐकण्याचें रीतसर शिक्षण द्यावें. ती खोली कोणत्याही जातिधर्माच्या माणसास उघडी असावी. डोंगरांतील वाड्यांवर जाणाऱ्यांनीं पाऊस उघडल्यावर जावें, तसें पाऊस सुरू होण्यापूर्वींही जावें. कारण माळिणीसारख्या गांवांत आभाळ भरून आलें, कीं तेंच दुःख फिरून दाराशीं उभें राहतें. आणि गेल्यावर फार बोलूं नये. ओटीवर बसावें, आणि गेलेल्यांचें नांव घरच्यांनीं काढलें, तर तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.