ऐन आणि ईनु

'ऐन वेळी', 'ऐन उन्हाळ्यात' असं आपण सहज म्हणतो. हा 'ऐन' अरबी. त्याचा तिथला मूळ अर्थ डोळा. अरबी माणूस तो उच्चारताना आरंभी घशातून एक व्यंजन काढतो. मराठीच्या तोंडी ते काही बसलं नाही. आज जिथे इराक आहे, तिथे चार हजार वर्षांपूर्वी याच शब्दातलं हेच व्यंजन असंच गळून पडलं होतं. तिथे डोळ्याला म्हणत 'ईनु'. ती भाषा अक्कडी.

अरबी, हिब्रू, अरामी यांची ही बहीण. कुत्रा अरबीत 'कल्ब', हिब्रूत 'केलेव्ह', अक्कडीत 'कल्बु'. घर 'बैत', 'बायित', 'बीतु'. या सेमिटिक घराण्यात सर्वांआधी लिहिली गेली ती अक्कडी, पण म्हणून ती बाकीच्यांची आई नव्हे. ती पूर्वेकडच्या वेगळ्या शाखेतली. सीरियातल्या एब्ला नगरीची भाषा तेवढी तिच्या अगदी जवळची.

मग ती बहिणींहून इतकी निराळी का? मला वाटतं, शेजारामुळे. सुमेरियन ही कुठल्याच ज्ञात भाषेशी नातं नसलेली भाषा तिच्यासोबत शतकानुशतकं नांदली. जुन्या अरबीत आणि हिब्रूत क्रियापद बहुधा वाक्याच्या आरंभी येतं, अक्कडीत सुमेरियनसारखं शेवटी. घशातले वर्ण गेले, त्यामागेही अभ्यासक हाच सहवास पाहतात. लिपीसुद्धा शेजारणीचीच, ओल्या मातीवर बोरूनं उमटवलेली. हम्मुराबी राजाचे कायदे अक्कडीत आहेत. इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात इजिप्तचा फॅरो परक्या राजांशी पत्रव्यवहार करायचा, तोही अक्कडीतच.

पुढे अरामीनं तिची जागा घेतली आणि ती पार विस्मरणात गेली. एकोणिसाव्या शतकात तिची लिपी उलगडली, तेव्हा बहिणीच कामी आल्या. १८५७ साली रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपेर या चौघा अभ्यासकांनी एकाच प्राचीन लेखाची स्वतंत्र भाषांतरं लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे दिली. ती मुख्य बाबतींत जुळली. यातले रॉलिन्सन १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आले होते.

पण मला सर्वांत थोर वाटतात ते आयर्लंडमधले धर्मोपदेशक एडवर्ड हिंक्स. सेमिटिक भाषेचा कणा व्यंजनांचा, आणि या लिपीत तर सुट्या व्यंजनाला चिन्हच नाही. ही लिपी मुळात दुसऱ्याच कुणासाठी घडलेली असणार, हे त्यांनी नुसत्या या विसंगतीवरून ताडलं. त्या लोकांना 'सुमेरियन' हे नाव ओपेर यांनी दिलं ते १८६९ साली.