हळदीकुंकू सर्वांचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाच्या कामाचे कौतुक करावे, अशी रीत आहे. ते काम अहवालाने केलेच आहे. मला आज आपली एक उणीव सांगायची आहे, आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

मागच्या संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू आमच्या घरी होते. तीळ भाजण्यापासून लाडू वळण्यापर्यंत सारे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी केले. भाऊजींना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. बायका येऊ लागल्या तशा त्या म्हणाल्या, “तू जा गं बाहेर, मी चहाचं बघते.” आणि मी गेले! “तुम्हीही चला,” एवढे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. बायका काय म्हणतील, हीच भीती.

पुढे मी चौघीजणींशी बोलले. प्रत्येकीने सांगितले, “मला चाललं असतं हो, पण बाकीच्यांना आवडलं नसतं.” म्हणजे मनातून कुणालाच नको असलेली रीत आम्ही सगळ्या मिळून पाळत होतो! रूढी बहुधा अशीच टिकते. ती आपल्या श्रद्धेवर जगत नाही. एकमेकींच्या धाकावर जगते.

विधवाविवाहाला कायद्याने 1856 साली मान्यता दिली. तरीही 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. कायदा बाजूने होता, गाव नव्हते. त्या दोघांनी ते सोसले, आणि पुढे हिंगण्याला स्त्रीशिक्षणाची संस्था उभी राहिली. परंतु एवढे धैर्य प्रत्येकीने कोठून आणावे?

याचे उत्तर एका गावानेच दिले. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात होऊ नयेत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. करोनाने किती तरुण संसार मोडले होते! करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठवला होता. हेरवाडने तो ऐकला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले.

ठरावाने शतकांची सवय एका रात्रीत जात नाही, हे मीही जाणते. पण ठरावाने एक मोठी गोष्ट होते. एकटीचे धाडस सगळ्यांची रीत बनते. मुरूडला गाव एका जोडप्याच्या विरुद्ध उभे राहिले. हेरवाडला गाव एकाकी बाईच्या पाठीशी उभे राहिले.

आता आपल्या हिंजवडीकडे पाहा. जेथे भातखाचरे होती, तेथे आज काचेच्या इमारती आहेत. नवरा गेल्यावर पदर खोचून नोकरीला लागलेल्या बायका आपल्यात आहेत. पगाराच्या दिवशी त्यांच्या कर्तेपणाचे आपण कौतुक करतो, आणि संक्रांतीला करंडा त्यांच्यापुढून तसाच पुढे नेतो. म्हातोबाच्या यात्रेत सारा गाव एक होतो. मग रथसप्तमीपर्यंतच्या या दिवसांतच आपण बायकांची वाटणी का करावी?

आपल्या आजी-सासूबाई वाईट होत्या, असे मी म्हणत नाही. त्यांना विचारायला उसंत नव्हती, आपल्याला आहे. म्हणून कोणतीही रीत पाळताना दोन प्रश्न विचारू या. हिच्यातून आनंद कुणाला मिळतो? आणि हिची किंमत कोण मोजते? पत्नी गेल्यावर पुरुषाच्या अंगावरचे काही उतरवावे लागत नाही, एवढे आठवले तरी उत्तर मिळेल. ज्या रीतीने कुणी दुखावत नाही, ती हौसेने पाळू या.

माझी सूचना साधी आहे. येत्या संक्रांतीच्या निमंत्रणात ‘सर्व भगिनींना’ असे लिहावे. वाण सर्वांना द्यावे. ज्या भगिनीला कुंकू नको असेल, तिला फूल आणि तिळगूळ द्यावा. आग्रहाची सक्ती नको. हा ठराव आज, सर्वांच्या साक्षीने, हात वर करून व्हावा, म्हणजे उद्या कुणा एकीला भ्यायचे कारण उरणार नाही.

आणि पहिले वाण घेऊन मी स्वतः आमच्या स्वयंपाकघरात जाईन. जायला एक वर्ष उशीर झाला, हे मला जाऊबाईंना सांगायचे आहे.