मेंदूचा पहारा आणि त्याची किंमत



मेंदूचं रक्षण कोण करतं, असं विचारलं की सगळे कवटीकडे बोट दाखवतात. पण रक्तातून येणाऱ्या विषापुढे कवटी काय करणार? तिथला बंदोबस्त निराळा आहे, आणि तो माणसाला फार उशिरा उमगला.

१८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. यकृत, मूत्रपिंड, स्नायू सगळे रंगले. मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसावा, असं त्यांना वाटलं. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी निळा रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं! म्हणजे रंगाला वाटेत कुणीतरी अडवत होतं. १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलं: मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की मध्ये फटच उरत नाही. ऑक्सिजन आरपार जातो, ग्लुकोजला आत नेणारे खास वाहक असतात. दुर्दैवाने दारूलाही अटकाव होत नाही.

या कडक पहाऱ्यात औषधंही अडकतात. कंपवातात मेंदूला डोपामीन कमी पडतं, पण डोपामीन रक्तात दिलं तरी आत पोचत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. प्रथिनांतली अमिनो आम्लं ज्या दाराने आत जातात, त्याच दाराने ते शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. भरपूर डाळ, अंडी खाऊन लगेच गोळी घेतली तर त्या दाराशी गर्दी होते आणि गोळीचा गुण कमी येतो. ही गोळी जेवणाआधी का सांगतात, ते आता लक्षात आलं असेल.

आता मेंदूभोवतीच्या त्या द्रवाबद्दल. तो असतो जेमतेम दीडशे मिलिलिटर, पण त्यात तरंगत असल्यामुळे सुमारे चौदाशे ग्रॅमच्या मेंदूचा भार पन्नासेक ग्रॅमच जाणवतो. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, भोवतालची जागा वाढते आणि मेंदूपासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. मग न्हाणीघरात पाय घसरण्याचं निमित्तही पुरतं. शीर फाटते, रक्त हळूहळू साचतं आणि त्रास सुरू होतो तो काही आठवड्यांनी. तोवर घरचे ते पडणं विसरूनही गेलेले असतात.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. घरातल्या आजी-आजोबांची चाल अचानक अडखळू लागली, बोलण्यात गोंधळ झाला, झोप वाढली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. मागच्या दोन-तीन महिन्यांत ते कुठे पडले होते का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आठवा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोक्याचा सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो. साचलेलं रक्त बहुधा कवटीला लहानसं छिद्र पाडून काढता येतं, आणि वेळेत काढलं तर पुष्कळ रुग्ण पुन्हा आपल्या पायांनी चालू लागतात.