किण्व : पाव, मद्य आणि पोषण

(डमडम येथील मराठी रहिवाशांसमोर दिलेले भाषण)



डमडमला आपण सकाळी चहाबरोबर जी पाउँरुटी खातो, तिच्यातला 'पाउँ' आणि आपला 'पाव' हे सख्खे भाऊ होत. दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आले. पीठ पायांनी तुडवतात म्हणून हे नाव पडले, ही समजूत खरी नव्हे.

भाषांतर करताना माझी अडचण झाली ती पाव फुगवणाऱ्या यीस्टपाशी. त्याच्या क्रियेला 'आंबवणे' म्हटले, की मराठी वाचकाला विरजण आणि इडलीचे पीठ आठवते. त्यांचा आंबटपणा मात्र मुख्यतः जिवाणूंमुळे येतो. यीस्ट हे एकपेशीय कवक आहे. साखरेपासून ते कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल निर्माण करते. अखेर मी 'किण्व' हा जुना शब्द स्वीकारला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यनिर्मितीच्या संदर्भात तो आलेला आहे.

पाव आणि बीअर ही या एकाच क्रियेची दोन फळे. कणकेतील चिवट ग्लुटेनमध्ये वायू अडकतो व पाव फुगतो. अल्कोहोल बहुतांशी भट्टीत उडून जाते. गोव्याचे पोदेर पूर्वी याच कामासाठी माडाची सूर वापरीत. तिच्यात किण्व आपोआप वाढलेले असते. बीअरमध्ये मोड आलेल्या बार्लीची साखर किण्वाला मिळते आणि तेथे अल्कोहोल टिकवून ठेवतात. ही जिवंत पेशींची क्रिया आहे, हे लुई पाश्चर यांनी 1860 च्या सुमारास दाखवून दिले.

किण्वाचा तिसरा उपयोग म्हणजे स्वतः किण्वच. बीअर तयार झाल्यावर तळाशी भरपूर किण्व उरते. त्यात प्रथिने आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे विपुल असतात. या उरलेल्या किण्वाचा अर्क 'मार्माइट' या नावाने 1902 पासून इंग्लंडमधील बर्टन येथे तयार होऊ लागला. त्याचे मोल कळले ते मात्र आपल्या मुंबईत.

1928 साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. गिरणगावातील गरीब गर्भवतींना एक घातक रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी व आकाराने मोठ्या असत. विल्सबाईंनी या स्त्रियांचा आहार तपासला. तो निकृष्ट होता. त्यात फळे व भाज्या फारच थोड्या होत्या. प्राण्यांवर प्रयोग केल्यानंतर त्यांनी रुग्ण स्त्रियांना मार्माइट दिले. त्या बऱ्या झाल्या. 1931 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

अर्कात नेमके काय होते, हे कळण्यास आणखी दहा वर्षे लागली. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पर्णवाचक लॅटिन शब्दावरून त्याला 'फॉलिक आम्ल' असे नाव मिळाले. पुढे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील संशोधकांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज आपल्याकडे गर्भवतींना लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी देतात, तिच्या मुळाशी मुंबईतील ते काम आहे.

यावरून किण्व हे सर्व रक्तक्षयांवरचे औषध आहे, असे मात्र कोणी समजू नये. लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयास लोहच लागते. पावाचे जिवंत यीस्ट औषध म्हणून खाणेही योग्य नव्हे. पण आपल्या घरातील गर्भवतीने ती लहानशी गोळी कंटाळून बाजूस सारली, तर गिरणगावातील त्या स्त्रियांची हकीकत तिला अवश्य सांगावी. एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.