भंडाऱ्याची निवडणूक आणि राज्यशास्त्राचा पहिला धडा



राज्यशास्त्र हा पदवीधरांचा विषय. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांतून. म्हणून चालकांनी हा विषय सुचविला तेव्हा संकोच वाटला. पण विचार करता ध्यानात आले, की या शास्त्राचे मूळ प्रश्न तीनच आहेत. हुकूम कोणी द्यायचा? कोणत्या अधिकाराने द्यायचा? आणि हुकूम देणारा नकोसा झाला, तर त्याला खाली कसे उतरवायचे? हे प्रश्न बिडी वळणाऱ्या बाईलाही पडतात.

पहिल्या दोहोंची उत्तरे राजेशाहीजवळही होती. गादी वंशाने मिळे आणि तिला धर्माचा आधार सांगितला जाई. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तिच्याजवळ बहुधा तलवार किंवा मृत्यू एवढेच उत्तर असे. रक्त न सांडता राज्यकर्ता बदलण्याची सोय जिच्यात आहे, ती लोकशाही.

याच्या उदाहरणासाठी ग्रीस-रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. ते आपल्या जिल्ह्यातच आहे. १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्या वेळी आपण मध्यप्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. मतदारसंघ दोन जागांचा होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. १९५२ साली मुंबईत ते पराभूत झाले होते. येथेही काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागा प्रजासमाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना मिळाली.

अनुयायांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे आपले पारडे जड होईल, असा सल्ला त्या वेळी बाबासाहेबांना देण्यात आला होता. घटना लिहिणाऱ्यानेच मत वाया घालवायला सांगणे शोभत नाही, म्हणून त्यांनी तो नाकारला, असे सांगतात.

कोणी विचारील, अशा माणसाला जी पाडते, त्या लोकशाहीचे मोल काय? आमचे उत्तर असे, की जनता चुकत नाही असा लोकशाहीचा दावाच नाही. नियम लिहिणाऱ्यालाही नियमातून सूट नाही, आणि आजची चूक उद्या दुरुस्त करता येते, यात तिचे मोल आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनीच बजावले होते, की राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. आणि मत समान पण सामाजिक, आर्थिक जीवन विषम, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल.

हे आम्ही अनेक सभांत सांगितले. स्वतःला मात्र फार उशिरा लागू केले. संघटनेत आम्ही अकरा वर्षे बिनविरोध सरचिटणीस होतो. निवडणूक म्हणजे टाळ्या! एका वार्षिक सभेत एक बिडी कामगार बाई उठली आणि म्हणाली, “भाऊ, मालकाले हिसाब मांगाले तुमीच शिकवलं, मंग आपल्या वर्गणीचा हिसाब कोठी आहे?”

आम्हांला राग आला. पैशांत अफरातफर नव्हती. पण हिशेब मांडलेलाही नव्हता. बाईचे म्हणणे खरे होते. पुढच्या वर्षी गुप्त मतदान घेतले आणि आम्ही सात मतांनी पडलो. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी कपाटाची किल्ली आणि वर्गणीच्या वह्या नव्या सरचिटणीसबाईंच्या घरी नेऊन दिल्या. भंडाऱ्याच्या निवडणुकीचा अर्थ आम्हांला त्या दिवशी कळला.

मंडळी, ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले आहे. मत देणे हे पाच वर्षांतून एकदाचे काम. हिशेब विचारणे हे बारमाही. बपेऱ्याच्या पुढच्या ग्रामसभेला आपण जावे, मागे न बसता पुढे बसावे, आणि एक तरी प्रश्न विचारावा. उत्तर देणाऱ्याला राग आला, तरी विचारावा. आम्हांलाही आला होता.