आनंदीबाईंवरील आरोप



बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा कधी चोरून वाचल्या नाहीत असा मनुष्य या सभेत विरळाच असेल. तसल्या कथांतील एक पात्र आपल्या चांगल्या ओळखीचे असते: रूपवान, थंड डोक्याची, पुरुषाच्या हातून खून करवून घेणारी बाई. पुण्याने हे पात्र अर्नाळकरांच्या फार आधी तयार केले, आणि तेही एका खऱ्या बाईच्या नावावर. राघोबादादांची पत्नी आनंदीबाई!

प्रसंग आपणांस पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगाराची ओरड करीत गारदी शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव त्याच वाड्यात नजरकैदेत असलेल्या चुलत्यांकडे धावले, त्यांना बिलगले आणि तेथेच कापले गेले. मूळ बेत नारायणरावांना धरण्याचा होता, आनंदीबाईंनी कागदावर 'ध'चा 'मा' केला, असे आपण मुलांना सांगत आलो.

आता फौजदाराच्या नजरेने तो कागद पाहू. पाहू म्हणतो खरा, पण कागद आहे कोठे? तो आपल्यापुढे नाहीच. बरे, असता तरी 'धरावे'तील ध पुसून नुसता म केला तर 'मरावे' होते. गारद्यांना हुकूम द्यायचा तर काना हवा. मोडी लिहिणाऱ्याचा हात सलग चालतो. दोन अक्षरांच्या मध्ये काना घुसवायला जागा कोठून काढावी? हा काही माझा सिद्धान्त नव्हे. ज्यांनी मोडी गिरवली आहे त्यांनी घरी जाऊन करून पाहावे.

या खुनाची चौकशी केली रामशास्त्री प्रभुण्यांनी. त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबांना. गारद्यांत सुमेरसिंग आणि महंमद इसफ यांची नावे निघाली, वाड्यातल्या तुळाजी पवाराचेही निघाले. इतके पुरुष दोषी ठरूनही लोकांच्या ओठी राहिली ती बाईच. खाडिलकरांच्या १९०९च्या 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई पाहताना मॅकबेथच्या बायकोची आठवण होते. १९४४ साली आपल्या प्रभातने 'रामशास्त्री' काढला, त्यात ललिता पवारांनी तीच भूमिका अशी वठवली की प्रेक्षक दातओठ खात घरी गेले. नाटक-सिनेमाला अशी बाई लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पडदा पडल्यावरही आपण निकाल तोच ठेवला, आणि वर त्याची म्हण केली. राघोबांच्या नावाची मात्र अशी म्हण झाली नाही.

आनंदीबाई गंगेसारख्या निर्मळ होत्या, असे मी म्हणत नाही. नवऱ्याला पेशवाई मिळावी असे त्यांना वाटले नसेल, हे कोण मानील? पण इच्छा हा पुरावा नव्हे. खुनानंतर दोन वर्षांच्या आतच, १७७५च्या जानेवारीत, त्या धारला बाळंत झाल्या. राघोबा त्या वेळी इंग्रजांच्या आश्रयाच्या खटपटीत होते. १७८३ साली राघोबा वारले. पुढली दहा वर्षे, १७९४ मध्ये मरण येईपर्यंत, बाईंनी पुण्याच्या कारभाऱ्यांच्या पहाऱ्यात काढली.